छापील पान पडद्यावर नेताना अनुस्वार वाचवायचा कसा

काही वर्षांपूर्वी एका रक्तदान शिबिराचं पत्रक माझ्या हातात आलं. चांगल्या कागदावर, ठसठशीत छापलेलं. मी फोनने त्याचा फोटो काढला आणि वस्तीच्या गटावर टाकला. तिथून तो दुसऱ्या गटात गेला, तिथून तिसऱ्या. संध्याकाळी कळलं, की नावनोंदणीच्या नंबरातला शेवटचा ९ लोकांना १ दिसत होता आणि दिवसभर भलत्याच गृहस्थांचा फोन वाजत राहिला होता. कागदावर चूक नव्हती. चूक माझ्या फोटोत होती.

तेव्हापासून छापील पानाचं वेबसाठी चित्र करताना मी सगळ्यांत आधी बारीक खुणा टिकल्यात का ते पाहतो. आपल्या लिपीत अर्थ या खुणांवर उभा असतो. अनुस्वार गेला की 'मंद'चं 'मद' होतं आणि 'चिंता'ची 'चिता'. रफार पुसला की 'मार्ग'चा 'माग' उरतो. १२ पॉइंटांत छापलेल्या मजकुरात अनुस्वाराचा ठिपका अंदाजे ०.४ मिलिमीटरचा असतो. कागदावर तो डोळ्याला सहज दिसतो. पडद्यापर्यंत पोचताना मात्र त्याला चार-पाच चाळण्यांतून जावं लागतं आणि प्रत्येक चाळणी थोडी थोडी त्याला खाते. त्या चाळण्या कोणत्या आणि प्रत्येकीतून ठिपका कसा सुखरूप बाहेर काढायचा, ते इथे सांगतो.

उदाहरणाला एक नेहमीची वस्तू घेऊ: एखाद्या संस्थेची २४ पानी, ए-फोर आकाराची स्मरणिका. मुखपृष्ठ रंगीत, आत मनोगतं, जुने फोटो, जाहिराती, देणगीदारांची यादी. पत्रक, लग्नपत्रिका, दिवाळी अंकाचं पान, शाळेचं वार्षिक यांनाही बहुतेक सगळं असंच लागू पडतं.

आधी प्रेसला फोन करा

छापून आलेला कागद स्कॅन करायला बसण्याआधी मूळ फाइल मिळते का ते विचारा. हा एक फोन पुढचं निम्मं काम वाचवतो. कागद स्कॅन करणं म्हणजे शाईच्या ठिपक्यांचा फोटो काढणं. मूळ पीडीएफमध्ये अक्षरं रेषांच्या स्वरूपात असतात, त्यामुळे त्यातून हव्या त्या आकाराचं चित्र स्वच्छ निघतं.

फोनवर नेमकं काय मागायचं? 'पीडीएफ पाठवा' एवढंच म्हटलं तर प्रेसवाले बहुधा प्लेटसाठी लावलेली फाइल पाठवतात. तिच्यात पानं वाचनाच्या क्रमाने नसतात. मधोमध पिन मारायच्या २४ पानी पुस्तिकेत २४ आणि १ ही पानं शेजारी येतात, मग २ आणि २३, मग २२ आणि ३. जोडीची बेरीज नेहमी २५. अशी फाइल आली तर गोंधळू नका, पण ती कापत बसण्यापेक्षा 'सुटी पानं, वाचनाच्या क्रमाने, कटिंग मार्क न लावता' असं स्पष्ट सांगून दुसरी मागवा. डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची मांडणी, करणाऱ्याला हे दोन मिनिटांचं काम असतं.

मजकूर 'कर्व्ह' केलेला आहे का तेही विचारा. कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे लोक फाँटचा घोळ नको म्हणून अक्षरांचे आकार करून टाकतात. चित्र काढण्यासाठी ते उत्तमच, कारण तुमच्या संगणकावर तो फाँट नसला तरी अक्षर बदलत नाही. कर्व्ह न केलेली कोरलची फाइल मात्र आपल्याकडे उघडायला जाऊ नये. फाँट नसला की जोडाक्षरं सुटी होतात, वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात, आणि घाईत ते लक्षातही येत नाही. कोरलची फाइल आली तर पीडीएफ मागा.

आपल्याकडे छपाईचा बराच मजकूर अजूनही युनिकोडपूर्व, म्हणजे सगळीकडे सारखी वाचली जाणारी युनिकोड पद्धत येण्याआधीच्या, फाँटांत बसवला जातो. त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर हाती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी येते. म्हणून लोक म्हणतात, 'जाऊ दे, चित्रच टाकू.' चित्र जरूर टाका, पण मजकुराचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याकडे पुढे परत येतो.

पिक्सेलांचा हिशेब

पीडीएफ हाती आली. आता तिचं चित्र करायचं. गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली की कोणती पानं हवीत आणि इंचाला किती पिक्सेल, हे तो विचारतो. फोटोशॉपही विचारतो. पहिली चाळणी हीच, आणि बहुतेक जण समोर असेल तो आकडा तसाच ठेवून पुढे जातात.

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. इंचाला ३०० पिक्सेल घेतले तर चित्र २४८० बाय ३५०८ होतं. १५० घेतले तर १२४० बाय १७५४. आता तो आपला ०.४ मिलिमीटरचा ठिपका बघा. ३०० ला त्याच्या वाट्याला जेमतेम पाच पिक्सेल येतात, १५० ला दोन-अडीच, आणि ७२ ला एक. एका पिक्सेलचा अनुस्वार म्हणजे शिरोरेखेवर पडलेली धूळ. तो काळाही राहत नाही, फिका राखाडी होतो. पुढे चित्र थोडं दाबलं, म्हणजे फाइल लहान करायला कॉम्प्रेस केलं, की संपला.

म्हणून मी ३०० वर उघडतो, सगळी साफसफाई त्या मोठ्या चित्रावर करतो आणि अगदी शेवटी एकदाच लहान करतो. प्रत्येक वेळी चित्र लहान किंवा तिरकं करताना पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि कडा मऊ होतात. हे जितक्या कमी वेळा होईल तितकं बरं.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'वेबसाठी ७२ डीपीआय (म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल) ठेवा' हा सल्ला अजून फिरतो. पडदा फक्त चित्र किती पिक्सेल रुंद आणि किती उंच आहे ते बघतो. १६०० पिक्सेल रुंदीचं चित्र ७२ म्हणून जतन केलं काय किंवा ३०० म्हणून, पानावर ते एकसारखंच दिसतं. तो आकडा छापतानाच कामाला येतो. तेव्हा वेबसाठी बोलताना डीपीआय विसरा आणि रुंदी सांगा.

कटिंग मार्क आणि कापून जाणारा कड असेल तर तो आता छाटा. छपाईच्या फाइलमध्ये चारही बाजूंनी बहुधा ३ मिलिमीटर जादा असतात, म्हणजे ए-फोरचं पान २१६ बाय ३०३ चं असतं. ही किनार तशीच राहिली तर पडद्यावर पान सैल, न कापलेल्या कागदासारखं दिसतं.

रंग: शाईचे आणि उजेडाचे

छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांची. पडदा लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचा. चार शायांचं चित्र तसंच जेपीईजी करून वेबवर टाकलं तर कुठे रंग भडक होतात, कुठे उलटे दिसतात, काही ठिकाणी चित्र उघडतही नाही. म्हणून रंग बदलून एसआरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीत आणायचे, आणि ते फाइलमधल्या रंग-प्रोफाइलच्या, म्हणजे रंग नेमके कसे दिसायचे हे सांगणाऱ्या माहितीच्या, आधाराने. प्रोफाइल टाकून दिली की कुंकवासारखा लाल निऑनसारखा होतो.

प्रोफाइलने रंग बरोबर आले तरी एक बारीक गोष्ट राहते. निव्वळ काळ्या शाईत छापलेला मजकूर पडद्यासाठी बदलला की पूर्ण काळा होत नाही, गडद राखाडी होतो. ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला, तर तो शून्याऐवजी ३५च्या आसपास येतो. मोठ्या मथळ्याला काही वाटत नाही, पण बारीक मजकूर दमल्यासारखा दिसतो. गिंप किंवा फोटोशॉपमधलं 'लेव्हल्स' हे उजेड-अंधार बदलायचं साधन उघडून काळ्या टोकाचा दांडा ३०-३५ वर आणला की अक्षरं पुन्हा ठाम होतात. फोटो असलेल्या पानावर हे फक्त मजकुराचा भाग निवडून करा, नाहीतर फोटोतल्या सावल्या बुजून जातात.

लग्नपत्रिका करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. सोनेरी फॉइलचा गणपती किंवा नावं प्रेसच्या फाइलमध्ये बहुतेकदा वेगळ्या प्लेटसाठी सपाट काळ्या रंगात असतात. त्यामुळे पीडीएफमधून काढलेल्या चित्रात गणपती काळा येतो. पत्रिका स्कॅनरवर ठेवली तरी तेच, कारण फॉइल आरशासारखं उजेड दुसरीकडे परतवतं आणि स्कॅनरच्या डोळ्याला ते काळं दिसतं. इथे फोटोच काढावा लागतो. खिडकीजवळ, ऊन थेट न पडेल अशा जागी पत्रिका ठेवा आणि समोरच्या बाजूला एक मोठा पांढरा कागद तिरका धरा. फॉइलमध्ये त्या पांढऱ्याचं प्रतिबिंब पडतं आणि सोनं उजळतं. कागद थोडा वर-खाली करून बघा. एका कोनात गणपती असा उजळतो की दुसरा फोटो काढायची गरज राहत नाही.

फाइल नसेल, फक्त कागद असेल

जुन्या स्मरणिका, बंद पडलेली प्रेस, मूळ फाइल कोणाकडेच नाही. अशा वेळी स्कॅनर. खरं कसब इथे लागतं आणि इथे मी वेळ हातचा राखत नाही.

छापील फोटो भिंगाखाली बघा. तो ठिपक्यांचा बनलेला असतो. चांगल्या ऑफसेट छपाईत इंचाला १५० ओळी ठिपके असतात, वर्तमानपत्रात त्याहून बरेच कमी. स्कॅनरही आपल्या पिक्सेलांची जाळी त्यावर टाकतो. दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की लाटा दिसतात, दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्यावर दिसतात तशा. फोटो असलेलं पान म्हणूनच इंचाला ६०० ने स्कॅन करा. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये 'डीस्क्रीन' असेल तर फक्त फोटोच्या भागासाठी वापरा. ते ठिपके पुसतं, आणि अनुस्वार त्याच्या दृष्टीने आणखी एक ठिपकाच. मजकुराच्या पानावर डीस्क्रीन मी कधीच लावत नाही. एकाच पानावर दोन्ही असेल तर पान दोनदा स्कॅन करतो, एकदा डीस्क्रीन लावून आणि एकदा न लावता, आणि फोटो पहिल्यातून घेऊन दुसऱ्यावर बसवतो.

पातळ कागदावर पाठच्या पानाची अक्षरं उलटी उमटतात. संगणकावर ती घालवायला गेलं तर पुढच्या पानाच्या वेलांट्याही जातात. उपाय साधा आहे: स्कॅन करायच्या पानामागे काळा कार्डशीट ठेवा. स्कॅनरचं झाकण पांढरं असतं. उजेड कागदातून आरपार जाऊन त्यावरून परततो आणि येताना पाठची अक्षरं सोबत आणतो. काळा कागद तो उजेड गिळतो. पान थोडं मळकट दिसेल, पण ते नंतर उजळता येतं. वहीच्या दुकानात मिळणाऱ्या काळ्या कार्डशीटएवढा उपयोगी पडलेला दुसरा पदार्थ माझ्या टेबलावर नाही.

बांधलेला अंक काचेवर दाबून सपाट करू नका. जुन्या पुस्तकांचा कणा एका दाबात जातो, आणि पान सुटलं की पुन्हा तसं बसत नाही. बारीक, हलके, यूएसबीवर चालणारे स्कॅनर काचेला चिकटलेलंच नीट टिपतात, काचेपासून थोडं वर उचललेलं पान त्यांना धूसर दिसतं. त्यामुळे शिवणीजवळचा मजकूर जातो. जुने जाडजूड, आत दिवा आणि आरसे असलेले स्कॅनर याबाबत उदार असतात, काचेपासून थोडं वर असलेलंही त्यांना दिसतं. तसा मिळत नसेल तर बांधलेल्या अंकाचा फोटो काढणं जास्त चांगलं. अंक अर्धवट उघडा ठेवा, खाली दोन बाजूंना उशा किंवा पुस्तकं द्या आणि प्रत्येक पानाचा समोरून, सरळ फोटो घ्या.

फोनने फोटो काढताना जवळ जाऊन काढू नका. थोडं लांब उभं राहून दुप्पट झूम करा, म्हणजे पानाच्या कडा फुगत नाहीत. फ्लॅश बंद. उजेड खिडकीचा, बाजूने येणारा. फोन हातात धरून रात्रीच्या ट्यूबखाली काढलेल्या फोटोत कडा हलतात आणि पानावर आपल्याच हाताची सावली पडते.

फोनमधल्या स्कॅनिंगच्या अॅपांनी कडा कापणं आणि तिरपेपणा काढणं छान होतं. पण त्यातला 'ब्लॅक अँड व्हाइट' पर्याय बंद करा. तो प्रत्येक पिक्सेलला काळा की पांढरा एवढंच विचारतो. अनुस्वार, रफाराचं टोक, 'ऋ'ची शेपटी या सगळ्या राखाडी गोष्टी, त्या बहुधा पांढऱ्यात जमा होतात. राखाडी किंवा रंगीत ठेवा.

यंत्र आकडा बदलू शकतं हे अनेकांना खरं वाटत नाही. २०१३ साली जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीसेल यांनी दाखवून दिलं, की काही ऑफिस स्कॅनर-कॉपियर यंत्रं कागदावरच्या ६ च्या जागी ८ उमटवत होती. फाइल लहान करताना यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकारांचा एकच नमुना ठेवत होतं आणि सगळीकडे तोच चिकटवत होतं. चित्र धूसर नव्हतं, आकडा स्वच्छ होता, फक्त चुकीचा होता. म्हणून स्कॅन करताना दाबणूक बंद ठेवा. पहिली प्रत टीआयएफएफ या फाइल-प्रकारात, पूर्ण आकारात, आणि तिला पुन्हा कधी हात लावायचा नाही. सगळं काम तिच्या प्रतीवर करायचं.

साफसफाई किती करायची

आधी पान सरळ करा. शिरोरेखा हीच तुमची पातळी. गिंपमधल्या मोजपट्टीने एका लांब ओळीची शिरोरेखा डावीकडून उजवीकडे धरा, मिळालेल्या कोनाएवढं पान फिरवा. अर्ध्या अंशाचा तिरपेपणाही शिरोरेखेला पायऱ्या पाडतो, आणि लहान केल्यावर त्या पायऱ्या जास्त दिसतात.

मग कागदाचा रंग. जुना कागद पिवळा पडलेला असतो. तो पूर्ण पांढरा करण्याचा मोह आवरा. पांढऱ्या टोकाचा दांडा जास्त आत सरकवला की कागदाबरोबर फिक्या छपाईचे अनुस्वारही उजळून जातात. मी कागदाचा डाग नसलेला भाग निवडतो, तो पांढऱ्याच्या जवळ येईल एवढंच उजळतो आणि किंचित पिवळसरपणा ठेवतो. वाचणाऱ्याला तो सुखाचा वाटतो आणि अक्षरही टिकतं.

धूळ आणि डाग हाताने पुसा. 'डस्ट रिमूव्हल' सारखी आपोआप चालणारी साधनं मजकुराच्या पानावर नकोत. एकट्या ठिपक्याला ती कचरा समजतात, आणि आपल्याकडे एकटा ठिपका म्हणजे शब्दाचा अर्थ.

फोन नंबर, पत्ते, सह्या झाकायच्या असतील तर याच टप्प्यावर. देणगीदारांच्या यादीत घरचे पत्ते असतात. छापताना दोनशे प्रती गावात फिरणार होत्या, वेबवर ती यादी सगळ्या जगासमोर जाते. धूसर करू नका, धूसर केलेले आकडे पुष्कळदा ओळखता येतात. सपाट रंगाचा चौकोन भरा आणि चित्र एकाच थरात सपाट करून मग जतन करा.

लहान करणं आणि कोणत्या प्रकारात ठेवणं

पूर्ण पानासाठी मी १६०० पिक्सेल रुंदी ठेवतो. लहान करण्याच्या पद्धतींत 'क्युबिक' किंवा 'लँझोस' निवडा, 'नन' किंवा 'निअरेस्ट' नको, त्यात शिरोरेखा मध्येच तुटते. लहान केल्यावर हलकंसं धारदार करा. त्यासाठीच्या 'अनशार्प मास्क' या साधनाची त्रिज्या ०.५ ते ०.८ पुरे. जास्त केलं की प्रत्येक अक्षराभोवती पांढरी कड दिसते आणि 'क' आणि 'फ' सारखी गाठींची अक्षरं आतून भरून येतात.

आता प्रकार. जेपीईजी चित्राला ८ बाय ८ पिक्सेलांच्या चौकोनांत तोडतो आणि प्रत्येक चौकोनातली बारकाई कमी करतो. फोटोत हे कळत नाही. पण अनुस्वार, त्याखालची शिरोरेखा आणि मधली पांढरी फट हे तिन्ही अनेकदा एकाच चौकोनात बसतात. जतन करताना गुणवत्ता १०० पैकी ६० वर नेलीत की त्या फटीत राखाडी भुकटी पसरते आणि ठिपका शिरोरेखेला चिकटतो. एकदा तीनशे टक्के मोठं करून 'पंढरपूर' हा शब्द बघा, माझं म्हणणं लगेच पटेल.

रंगीत मजकुराला आणखी एक संकट. जेपीईजीत बहुतेक वेळा उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात, रंगाची निम्म्या बारकाईने. काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं याला काही होत नाही. पण पिवळ्यावर लाल, म्हणजे आपल्या पत्रिकांचा आणि उत्सवाच्या पत्रकांचा जुना जोड, त्यात कडा फिसकटतात. गिंपमध्ये जेपीईजी जतन करताना 'सबसॅम्पलिंग'मध्ये ४:४:४ निवडा. फाइल थोडी वाढते, अक्षर वाचतं.

वेबपी हा प्रकार गूगलने २०१० मध्ये आणला आणि आता सगळ्या प्रमुख ब्राउझरांत उघडतो. सफारीने तो २०२० मध्ये स्वीकारला, त्यानंतर माझा संकोच गेला. त्याची 'लॉसी', म्हणजे थोडी बारकाई टाकून देणारी, तऱ्हा फोटोंना उत्तम आहे, पण तिच्यात रंगाची बारकाई नेहमीच निम्मी असते, गुणवत्ता १०० ठेवली तरी. म्हणून लाल-पिवळ्या मजकुरासाठी वेबपीची 'लॉसलेस', म्हणजे काहीच न टाकणारी, तऱ्हा घ्या. एव्हीआयएफ हा त्याहून नवा प्रकार अजून लहान फाइल देतो, मात्र जुन्या फोनांवर तो उघडत नाही, आणि स्मरणिका वाचणाऱ्यांत जुने फोन वापरणारे पुष्कळ असतात. मी तो टाळतो.

मग मी करतो काय: निव्वळ मजकुराचं पान राखाडीत नेऊन १६ छटांची पीएनजी. अक्षराच्या मऊ कडांना १६ छटा पुरतात, फाइल आश्चर्य वाटावं एवढी लहान होते आणि एकही ठिपका हलत नाही. फोटो आणि मजकूर एकत्र असलेलं पान ८० ते ८५ गुणवत्तेचं जेपीईजी किंवा लॉसी वेबपी. मुखपृष्ठ, पत्रिका आणि रंगीत पत्रक लॉसलेस वेबपी. संस्थेचं बोधचिन्ह एसव्हीजीमध्ये, म्हणजे पिक्सेलांऐवजी रेषांच्या रूपात, ते कितीही मोठं केलं तरी रेष तुटत नाही. पान शक्यतो ३०० केबीच्या आत बसवतो. २४ पानं म्हणजे सात-साडेसात एमबी, गावातल्या नेटवर्कवर तेवढं झेपतं. दोन प्रकार शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं स्कूश हे साधन वापरा. मधली रेघ सरकवली की डावीकडे मूळ आणि उजवीकडे दाबलेलं दिसतं. तिथे फोटो बघत बसू नका, सर्वांत बारीक मजकुरातल्या अनुस्वारावर नेऊन रेघ मागे-पुढे करा.

फोनचा पडदा आणि व्हॉट्सअॅप

ए-फोर पान फोनवर पूर्ण मावलं की त्याची रुंदी २१ सेंटिमीटरवरून सातवर येते, एक तृतीयांश. १२ पॉइंटांचं अक्षर ४ पॉइंटांचं होतं. पिक्सेल कितीही असोत, एवढं बारीक कोणी वाचत नाही. वाचक दोन बोटांनी पान मोठं करतो, म्हणूनच १६०० ची रुंदी, तेव्हा अक्षर फुटत नाही.

स्मरणिकेच्या पानाला हे चालतं. पत्रकाला नाही. पत्रक चालता चालता बघायचं असतं. म्हणून पत्रकाचं पान जसंच्या तसं लहान न करता प्रेसकडून फोनसाठी वेगळी मांडणी करून घ्या: १०८० बाय १३५० पिक्सेल, त्यात कार्यक्रम, दिवस, वेळ, जागा आणि संपर्क, एवढंच. प्रमुख पाहुण्यांची सात नावं खालच्या मजकुरात.

व्हॉट्सअॅपवर चित्र फोटो म्हणून पाठवलं की ते पुन्हा दाबलं जातं. एचडी पर्याय निवडला तर कमी दाबलं जातं, आणि डॉक्युमेंट म्हणून जोडलं तर फाइल आहे तशी जाते. माझ्या त्या ९ चा १ याच फेऱ्यांत झाला असणार. आता मी पत्रकाखाली नंबर टाइप करूनच पाठवतो. टाइप केलेला आकडा कितीही गटांतून फिरला तरी झिजत नाही, आणि त्यावर बोट ठेवलं की थेट फोन लागतो.

नाव, मजकूर आणि हक्क

फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा. मराठीवरचं माझं प्रेम इथे आड येत नाही, अडचण पत्त्याची आहे. वेबच्या पत्त्यात देवनागरीतलं एकेक चिन्ह कॉपी करताना बहुधा नऊ अक्षरांचं होतं. 'दिवाळी' या एका शब्दाची ५४ अक्षरं होतात आणि लांब दुवा गटावर मध्येच तुटतो. वर्ष, अंकाचं नाव आणि दोन आकडी पान क्रमांक, एवढं पुरे. ०१, ०२ असं लिहा, नाहीतर यादीत १ नंतर १० येतं.

चित्रातली अक्षरं वाचणारी साधनं सुधारत असली तरी चित्रातल्या मजकुराच्या शोधावर भरवसा ठेवता येत नाही. आजोबांचं नाव शोधणाऱ्या नातवाला ते स्मरणिकेच्या चित्रात सापडणार नाही. दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला तिथे फक्त 'चित्र' एवढंच दिसतं. म्हणून प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्या, एका वाक्याचा: 'मुखपृष्ठ, दीपमाळेचं रेखाचित्र आणि संस्थेचं नाव'. आणि लेखाचा पूर्ण मजकूर चित्राखाली युनिकोडमध्ये घाला. चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या टेसरॅक्ट या साधनात मराठीचा वेगळा संच आहे, गूगल ड्राइव्हमध्ये चित्र गूगल डॉक्समधून उघडलं तरी मजकूर निघतो. यासाठी लहान केलेलं चित्र देऊ नका, ३०० चं मोठं द्या. निघालेला मजकूर माणसाने वाचायलाच हवा. 'ऱ्या' आणि 'ऱ्हा', जोडाक्षरं, आणि देवनागरी आकडे, या तीन जागी साधनं हमखास अडखळतात.

जुना अंक वेबवर टाकण्याआधी हक्कांचं बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. पण त्याच पानावर चित्रकाराचं चित्र असेल तर त्याचा हिशेब वेगळा. संस्थेच्या स्वतःच्या स्मरणिकेत लिहिणाऱ्यांनाही एकदा विचारून घ्या. आपलं लेखन पुन्हा वाचलं जाणार म्हणून बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि बोलता बोलता एखादा जुना फोटोही देतात.

सगळं झाल्यावर चढवण्याआधी मी एक काम करतो. पानं एखाद्या साध्या, दोन-तीन वर्षं वापरलेल्या फोनवर घेतो आणि ज्याने मूळ कागद पाहिलेला नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला सांगतो, अंगणात, उन्हात. आपल्याला मजकूर पाठ असतो, आपला डोळा नसलेला अनुस्वारही भरून घेतो. नवा वाचक जिथे थबकतो त्या ओळीवर खूण करतो आणि ते पान पुन्हा ३०० वरून काढतो. देणगीदारांची नावं आणि फोनचे आकडे त्याच्याकडून एकेक करून वाचून घेतो, मी समोर मूळ कागद धरून बसतो.